माह्या कोंबड्या, तिचं खुराडं

माहं माहेर आरमोरीकडचं, धानाचं गाव, अन् लग्न होऊन आली मी इथी मूलकडे, तेही धानाचंच गाव, म्हणजे एका चिखलातून निघाली अन् दुसऱ्या चिखलात आली, काय सांगू तुम्हाले, मास्तरीणबाई. माह्या नातवंडाईले लिहून पाठवता म्हणता तं लिहा, पण इंदूचं वाईट दिसन असं नका लिहू, अन् माहं चांगलं दिसन असंबी नका लिहू, कारण या गोष्टीत माहं चांगलं फारसं नाई.

इंदू म्हणजे माही धाकटी जाऊ. माह्या मागून सहा वर्षांनी आली. आंगण एक, चुली दोन. सासू गेल्यावर भाऊ भाऊ वेगळे झाले, तवा सासूच्या आठ कोंबड्याही चार-चार वाटल्या. जुनं खुराडं इंदूले भेटलं, कुडाचं, मातीनं लिपलेलं. मले आमच्या घरच्यांनी नवं करून देलं, विटाईचं, वरून टिन. मी म्हटलं, आता जळू दे तिले. तिले काईच वाटलं नाई. जळली ते मीच.

काऊन, तं दिवसभर कोंबड्या आंगणात एकत्र उकरायच्या, पण दिवस बुडायले आला की माह्या चारही तिच्या दारात. मी आ-आ करून गळा सुकवायची, धरधरून आणायची, कोंडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच. आता तुम्हीच सांगा, दाणे माहे खायचे अन् झोपायले तिच्याकडे जायचं, नवऱ्यानं असं केलं असतं तं मी सोडलं असतं का?

गेल्या वर्षी पूस महिन्यात थंडी लई पडली. मी काय केलं, जिथं जिथं भोक दिसलं तिथं बोरा, फाटकं पोतं, कोंबला, वरून प्लास्टिक गुंडाळलं, वाऱ्याले बोट घालायले जागा ठेवली नाई. सकाळी दार उघडलं तं आतून असा भपकारा आला, टिनातून टिप टिप पाणी, कोंबड्या ओल्या, नाकातून सूं सूं. तिसऱ्या दिवशी माही काळी मेली. इंदूच्या सगळ्या ठणठणीत. मग मी आंगणात उभी राहून बोलली, बोलली म्हणजे वरडली, तू तांदळाची कणी टाकून माह्या कोंबड्या ओढून राह्यली, अन् काळीले नजरही तुहीच लागली. ती म्हणे, बाई, मी कायले ओढू, त्या आपल्या पायानं येतात.

भांडण वामनभाऊपर्यंत गेलं, गावातले म्हातारे, त्यांचं सगळे ऐकतात. ते म्हणाले, कोंबडी जिथं बसते तिथली, आपल्या गावची रीत आहे. दोघी आपापल्या दारात हात मांडीवर ठेवून बसा, कोणी बोलवायचं नाई, कोणी कणी टाकायची नाई. आमी बसलो. अर्धं गाव जमलं. ऊन उतरलं, अन् माह्या उरलेल्या तिघी, माह्याकडे एक एक डोळा टाकून, एकामागून एक तिच्या खुराड्यात. एक जण म्हणे, शेवंते, तुह्या पोरी सासरी गेल्या व! सगळे हासले. इंदू हासली नाई, त्याचाच मले जास्त राग आला. माहं विटाईचं खुराडं रिकामं पडलं, तिकडे पाहणंही सोडलं मी.

मग माघात इंदू अन् तिचा नवरा मिरची तोडायले तेलंगणात गेले, आमच्याकडून जातातच लोक. जातानी म्हणे, बाई, कोंबड्या तुमच्या भरोशावर. काऊन माह्या, मी विचारलं. म्हणे, तुम्ही माह्यावर रुसल्या, कोंबड्यावर थोडी रुसल्या?

वाकून शिरली मी तिच्या खुराड्यात, पहिल्यांदाच. खाली धानाचं तूस, कोरडं, वीतभर जाड. कुड खालून लिपलेला, पण वर, कोंबड्याईच्या डोक्याच्याही वर, मोकळी फट. म्हणजे वारा अंगाले लागत नाई अन् आतली वाफ वरून निघून जाते. थंडी नाई मारत कोंबडीले, तिच्या अंगावर पिसं आहेत. ओल मारते. माही काळी मीच मारली होती. हे कोणाले सांगितलं नाई मी, आज तुम्हाले सांगते.

घरी येऊन प्लास्टिक फाडलं, टिनाखालच्या विटा काढल्या, तूस पसरलं. इंदूची तांबडी खुडूक झाली होती, मी फोनवर विचारलं, अंड्यावर माह्याकडे बसवू का, पिलं अर्धी अर्धी. म्हणे, बसवा. नऊ निघाली. माह्या खुराड्यात वाढली तं तिथंच बसायले शिकली, अन् त्यांच्यासंग तांबडीही राहून गेली.

यंदा थंडी लागली तवा एका सांजी इंदू दारात उभी राहून पाहत होती. दिवस बुडाला, ते सगळं लटांबर माह्याकडे. म्हणे, माही तांबडी काऊन तुमच्याकडे बसून राह्यली? आवाज मी लगेच ओळखला, माहाच आवाज होता तो. खोटं काऊन बोलू, गूळ खाल्ल्यासारखं वाटलं मले.

दोन दिवस बोलली नाई. तिसऱ्या दिवशी आली, माह्या खुराड्यात डोकं घातलं, अन् म्हणे, बाई, बसायले बांबू काऊन लावला? गोल बांबूवर बोटं उघडी राहतात, गारठतात. रुंद फळी लावा, मग कोंबडी आपल्या पायावर बसते, पोटाखाली बोटं झाकून घेते. मी म्हटलं, माह्या कोंबड्याईले बांबूच आवडते. म्हणे, बरं. गेली.

आठ दिवस तसाच ठेवला मी बांबू. रोज सांजी पाहायची, पिलाईतल्या मोठ्या झालेल्या तलंगा एक पाय वर घेऊन बसायच्या, मग दुसरा. काल इंदू आठवडी बाजारात गेली, तवा बांबू काढला अन् सागाची फळी ठोकली. सांजी सगळ्या चढल्या, फुगून बसल्या, एकीचंही बोट दिसेना. सुखानं झोपा बाया हो, म्हटलं, अन् खुराड्याचं दार लवकर लावून घेतलं, इंदूची बाजारातून यायची वेळ झाली होती.