उघडा तळहात

युसूफभाईंच्या घरची माणसं, त्यांच्या पाळीतले सोबती, आणि साहेब. बोलताना अडखळेन, म्हणून घडलं ते क्रमानं लिहून आणलंय. आधी तेच वाचते.

१. सोमवारी पहिल्या पाळीत चार नंबरच्या प्रेसमध्ये पत्रा अडकला.
२. तो काढायला युसूफभाई आत वाकले.
३. मशीन चालूच आहे, हे शेजारच्या लक्ष्मणभाऊंना दिसलं. थांबवायचं लाल बटण पलीकडच्या बाजूला होतं. त्यांनी समोरचं, उघड्या तळहाताचं चित्र असलेलं बटण दाबलं.
४. ते बटण थांबवायचं नव्हतं. मशीन हातानं चालवायचं होतं. दाबून धरलं की प्रेसचा वरचा भाग खाली येतो. लक्ष्मणभाऊंनी ते दाबून धरलं. युसूफभाई गेले.
५. बटणावरचं ते चित्र मी काढलं होतं.

बटणांचं नवं पॅनल बसवलं त्या दिवशी युसूफभाईंनी मला विचारलं होतं, "मॅडम, ये हात क्या बोल रहा?"

मी म्हणाले, "हातानं चालवा."

ते हसले. "क्रांती चौकात हवालदार हात दाखवतो तर आम्ही गाडी थांबवतो. तुमचा हात बघून चालू करायची काय?"

मी म्हणाले, "सवय होईल, भाई."

सवय होईल. हे माझे शब्द.

दुसऱ्या दिवशी त्या बटणावर पांढरी पट्टी होती. पट्टीवर युसूफभाईंनी मार्करनं काढलेली मूठ, मुठीत दांडा. बघताक्षणी कळत होतं. पण बाहेरचे पाहुणे येणार होते. मी म्हणाले, "पट्टी काढा, पॅनल खराब दिसतंय." त्यांनी काढली. राहिलेला डिंकही नखानं खरवडला. "लो, तुमचा हात चकाचक," म्हणाले.

लक्ष्मणभाऊ दाराजवळ उभे आहेत. आत बसायला तयार नाहीत. काल मला म्हणाले, "ताई, म्या थांबवायलाच दाबलं वो. खाली येतंय म्हणून अजून जोरात दाबलं."

गेटवरच्या नोटिशीत लिहिलंय, कामगारानं चुकीचं बटण दाबलं. लक्ष्मणभाऊंना घरी बसवलंय. चुकीचं काय होतं? बटण दाबणं, की बटणावरचं चित्र?

मघाशी मी इथं उभी राहिले तेव्हा मागं कुजबुज चालू होती. मी तळहात वर केला. तुम्ही सगळे थांबलात. तुम्हाला कुणी शिकवलं होतं?

युसूफभाईंनी मला वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांना माझा सलाम, आणि त्यांच्या घरच्यांची मी माफी मागते. ती मिळावी असं मी म्हणत नाही.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. लक्ष्मणभाऊ, तुम्ही आत या, पुढं उभे राहा.

त्याआधी साहेबांना दोन गोष्टी विचारते. गेटवरची ती नोटीस मागे घेणार का? आणि उरलेल्या सगळ्या प्रेसवर युसूफभाईंची मूठ लावणार का? चित्र मी त्यांच्यासारखंच काढून आणलंय. येत्या शुक्रवारी पहिली पाळी सुरू होण्याआधी लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.