सोडा म्हणजे फक्त क्लच

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष म्हणजेच परिवहन कार्यालयातले निरीक्षकसाहेब, ज्यांनी मला दोनदा नापास केलं आणि तरीही आज माझ्याच शेजारची खुर्ची घेतली, व्यासपीठावरच्या ग्रंथपालबाई, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, ज्यांना सगळे ब्रेकसर म्हणतात ते आमचे सर, त्यांच्या सौभाग्यवती, ज्या घरी सरांना काय म्हणतात ते मला ठाऊक आहे पण मी सांगणार नाही, आणि सरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. माझी रोपांची नर्सरी आहे. रोज रोपांशी बोलते, पण रोपं मधेच उठून बाहेर जात नाहीत. त्यामुळे मागच्या रांगेतल्या मंडळींना आधीच सांगते, चहा माझ्या भाषणानंतर आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. शिकवायच्या गाडीत सरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि सरांचा पाय कायम त्यावर असतो. सर सिनेमाला गेले तरी पडद्यावर गाडी आली की पाय दाबतात. म्हणून ब्रेकसर. आत्ताही टेबलाखाली बघा. माझं भाषण जरा वेगात गेलं की त्यांचा पाय हलतोय.

मी सरांकडे का आले, ते सांगायला हवं. आमचे हे गेले तेव्हा मागे नर्सरी राहिली, रोपं पोचवायचा छोटा टेम्पो राहिला आणि आम्ही दोघी राहिलो, मी आणि सासूबाई. टेम्पो चालवायला माणूस ठेवून पाहिला. पहिला रोपं आडवी झोपवून न्यायचा. दुसरा स्वतःच झोपायचा. मुलगा परगावाहून फोन करायचा, "आई, टेम्पो विक, नर्सरी बंद कर, आजीला घे आणि आमच्याकडे ये. आमची बाल्कनी मोठी आहे, चार कुंड्या ठेव हौसेला."

सासूबाई पलीकडच्या खोलीतून ओरडल्या, "त्याला म्हणावं, मी कुंडी नाही. मला बाल्कनीत ठेवू नकोस."

शेवटी असं ठरलं की लागवडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत मला लायसन्स मिळालं, तर आम्ही दोघी आमच्या घरात राहायचं. नाहीतर बाल्कनी.

आता यात मेंदू कुठून आला? निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘मेंदूविषयी चार शब्द’ असं छापलंय, तेव्हा ते चार शब्द देणं लागते. हे गेल्यावर माझं डोकं चालेनासं झालं. नळ चालू ठेवून विसरायची. गिऱ्हाइकाला "उद्या या" सांगायची आणि ते उद्या आले की "आपण कोण?" म्हणून विचारायची. मला वाटलं, वेड लागायला लागलं. शेवटी ग्रंथालयात गेले आणि या बाईंना म्हटलं, "विसरण्यावर काही पुस्तक आहे का?" त्यांनी मेंदूवरचं एक जाडजूड पुस्तक दिलं. ते परत करायला मी विसरले.

माझं शिक्षण थोडंच. निम्मे शब्द कळेनात, म्हणून शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. त्यात एके ठिकाणी होतं की ज्याचं माणूस गेलंय त्याचं लक्ष आधीच कुठेतरी गुंतलेलं असतं, म्हणून बाकीच्या गोष्टी निसटतात. ते वेड नव्हे. हे वाचलं आणि तेवढंच वाक्य मी पुन्हा एकदा, शब्दकोश बाजूला ठेवून वाचलं. इतके जण भेटून गेले होते, समजूत घालून गेले होते, पण हे एवढं कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी एकामागून एक पुस्तकं वाचत सुटले. आणि तेवढ्यात गाडी शिकायला सुरुवात केली. त्याचे परिणाम सरांना भोगावे लागले.

पुस्तकात लिहिलंय की हातातलं काम करताना आपण एका वेळी अगदी थोड्या गोष्टी डोक्यात धरू शकतो. मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं, की तो रोपांचा हातातला ट्रे आहे. चार पिशव्या मावतात. पाचवी ठेवली की एक खाली पडणार. आणि सर पहिल्या दिवशी एका दमात काय म्हणाले? "क्लच दाबा, गिअर टाका, आरसा बघा, डावीकडे सायकल आहे, तिच्याकडे बघू नका, खांदे सैल सोडा आणि जरा हसा, लोक घाबरतात."

मी म्हटलं, "सर, जरा कमी बोलाल का?"

"मग शिकवू कसं?"

"माझ्या मेंदूत एवढी जागा नाही."

"ताई, मेंदू घरी ठेवून येत जा. इथे पायांचं काम आहे."

"पण पायांना सांगतं कोण?"

"मी सांगतो ना."

आणि ते खरोखरच पायांना सांगायचे. गाडी सुरू झाली की, "सोडा, हळू सोडा, सोडा." पहिल्यांदा ऐकलं आणि मी सोडलं. स्टिअरिंगच सोडलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसले. सरांच्या पायाखालचा ब्रेक त्या दिवशी सार्थकी लागला. गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "ताई, मी क्लच म्हणत होतो."

माझंही बरोबरच होतं म्हणा. वर्षभर जो भेटेल तो मला म्हणत होता, "आता सोडा." काय सोडायचं ते कुणी सांगत नव्हतं. सरांनी निदान क्लच असं त्याचं नाव तरी घेतलं.

मग आमचं ठरलं. सोडा म्हणजे फक्त क्लच. दुसरं काहीही नाही. आणि सरांनी कमी बोलावं म्हणून मी त्यांना बडीशेपेची पुडी द्यायला लागले. तोंड भरलेलं असेपर्यंत माझी प्रगती चांगली व्हायची.

शिकवणीची वेळही मी बदलून घेतली. सर रविवारी एकदम दोन तास घ्यायचे. मी म्हटलं, पुस्तकात आहे की रोज थोडं थोडं केलेलं जास्त टिकतं आणि मधे झोप झाली की शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं. सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही झोपेत शिकणार?" म्हटलं, "हो." म्हणाले, "मग झोपेतच चालवा, माझा जीव वाचेल." पण त्यांनी वेळ बदलली. समोर बसलेल्या मुलामुलींना रोज अर्धा तास शिकायला मिळतंय ना, त्याचं मूळ इथे आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तकातून उचलली. वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून बघावं, अडखळावं, चुकावं. तर मी नर्सरीत खुर्चीपुढे तीन कुंड्या उपड्या मांडायची, क्लच, ब्रेक, एक्सिलरेटर, आणि डोळे मिटून टेम्पो चालवायची. सासूबाई अचानक रस्त्यात आडव्या यायच्या, मुद्दाम. मी ब्रेक मारला नाही तर म्हणायच्या, "मेले मी. आता पुढे जाऊन काय करतेस? थांब आणि माफी माग." ब्रेकची कुंडी त्यात फुटली. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "सगळं ठीक आहे ना?" सासूबाई म्हणायच्या, "हो, बाजारातून परत येतेय ती."

तरुण मंडळी हसताहेत. हसा, पण एक ऐका. तुम्ही अभ्यास करताना शेजारी फोन ठेवता आणि म्हणता, आम्हाला दोन्ही जमतं. जमत नाही. मेंदू दोन्ही करत नसतो, इकडून तिकडे उड्या मारत असतो आणि प्रत्येक उडीत काहीतरी सांडतो. मी फोनवर बोलता बोलता रोपांना पाट्या लावायची. एक गृहस्थ गुलाब म्हणून लिंबू घेऊन गेले. दोन्हींना काटे असतात, म्हणून त्यांनाही बराच काळ पत्ता लागला नाही. तेव्हापासून काम करताना माझा फोन कुंडीखाली झाकलेला असतो. कामं पटकन उरकतात आणि लिंबं फक्त लिंबवाल्यांनाच मिळतात.

आता परीक्षा. अध्यक्षमहाराज, जरा मन घट्ट करा.

पहिल्या परीक्षेला मी सरांची गाडी नेली. सर खाली उभे, साहेब माझ्या शेजारी. दोन खांबांच्या मधे गाडी मागे घ्यायची होती. माझी गाडी बंद पडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. साहेब स्वभावाने दयाळू. मला धीर द्यावा म्हणून हळूच म्हणाले, "जाऊ द्या हो, सोडा."

सोडा म्हणजे काय, हे आमचं ठरलेलं होतं. डोक्याला विचारायच्या आत पायाने क्लच सोडला. गाडीने उडी मारली, खांब आडवा, साहेबांचा चष्मा खाली. पुस्तकात लिहिलंय की एखादी गोष्ट अंगवळणी पडली की मेंदू शब्दाचा अर्थ बघत बसत नाही, आवाज आला की काम करून मोकळा होतो. हे मी साहेबांना तिथेच समजावून सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे तुमचं शिक्षण उत्तम झालंय. तुम्ही नापास आहात."

दुसऱ्या परीक्षेला मी आमचा टेम्पो नेला. पुढे रोज तोच चालवायचा होता ना. त्यात एक अडचण होती. आमचे हे चांगले उंच. त्यांची सीट पार मागे सरकवलेली. माझे पाय पुरत नसत, म्हणून मी पाठीशी दोन उश्या घेऊन बसायची. मागे घेताना वळून बघितलं, तर एक उशी निसटली आणि थेट पायांत आली. ब्रेक दाबते तर मऊ लागतो. साहेबांनी हँडब्रेक ओढला म्हणून आज आपला हा समारंभ होतोय. नापास. कारण विचारलं तर म्हणाले, "उशी."

हंगाम तोंडावर आला होता. मुलाने फोनवर विचारलं, "तुमच्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावू?"

सरांनी मला विचारलं, "ताई, सीट पुढे का नाही घेत?"

मी म्हटलं, "दांडा अडकलाय."

दुसऱ्या दिवशी सर तेलाची बाटली घेऊन घरी हजर. टेम्पोत वाकले, दांड्याला हात लावला आणि सीट लोण्यासारखी पुढे सरकली. सर तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी सीट हळूच मागे नेली, होती तिथेच, अगदी तिथेच. आणि मंडळी, ब्रेकसर एक शब्दही बोलले नाहीत. तोंडात बडीशेप नव्हती, तरी बोलले नाहीत. "जरा रोपं बघतो," एवढंच म्हणून पाठ फिरवून गेले आणि अर्धा तास एकाच कोरफडीकडे बघत उभे राहिले.

सासूबाई ओट्यावरून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "तुझा नवरा होता तसा माझा मुलगाही होता. त्याचे पाय किती लांब होते ते मला विचार, मी त्याच्या विजारी शिवल्यात. सीट तशी ठेवली म्हणून तो येऊन बसणार नाहीये. आणि मला पडद्यांचा कुठलाच रंग आवडत नाही. घे पुढे."

मी घेतली पुढे.

तिसऱ्या परीक्षेचं सांगण्यासारखं काही नाही, कारण ती नीट झाली. साहेबांनी परीक्षाभर एकदाही सोडा म्हटलं नाही. मी पाहिलं, ते ओठ घट्ट मिटून बसले होते.

लायसन्स मिळाल्यावर सासूबाई पहिल्यांदा टेम्पोत बसल्या. म्हटलं, "आई, कुठे जायचं?" म्हणाल्या, "कुठे नको. नुसती फिरव." मी फिरवली. आरसा, गिअर, समोर शाळेची मुलं, वळण, पुन्हा आरसा. माझा ट्रे काठोकाठ भरलेला होता. घरी येऊन गाडी बंद केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हॉस्पिटलवरून आलो आपण. तुला कळलं?"

मंडळी, ज्या हॉस्पिटलात हे गेले, त्याच्या समोरचा रस्ता मी टाळत होते. भाजीलाही लांबच्या वाटेने जायची. आणि मी त्या दारासमोरून गेले, बहुधा तिसऱ्या गिअरमध्ये, आणि मला कळलंही नाही.

म्हटलं, "नाही, आई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला कळलं. एकीला कळलं तरी पुरे."

मी मेंदूवरची बरीच पुस्तकं वाचली, पण या वाक्याचं स्पष्टीकरण मला त्यांत सापडलेलं नाही. आता मला तो रस्ता आठवतो, आणि आठवत असताना मी तिथून जाऊ शकते. रोज जाते, रोपं घेऊन. सर, लोक म्हणतात तुम्ही मला गाडी शिकवलीत. ती तर शिकवलीतच. त्याबरोबर हे जे मिळालं, ते काय आहे ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून नुसतं धन्यवाद म्हणते.

सरांच्या सौभाग्यवतींचे आभार, त्यांनी एवढा बोलका माणूस रोज आम्हाला उसना दिला. आता तो पूर्णवेळ त्यांच्याकडे परत येतोय, तेव्हा बडीशेप घरात भरून ठेवा. अध्यक्षसाहेबांचे आभार, ग्रंथपालबाईंचे आभार, त्यांचं पुस्तक आज आठवणीने आणलंय. मी साधी बाई, बोलण्याच्या ओघात कुणाची जास्त थट्टा झाली असेल, एखादं नाव राहिलं असेल, तर राग मानू नका.

आणि सर, उद्यापासून तुम्ही पायी फिरणार आणि तुम्ही शिकवलेले आम्ही सगळे गाड्यांत असणार. रस्ता जपून ओलांडा.