यादीबाहेरची बाई

जबाब देणार: भाड्याच्या बसचा चालक, वय ५३ वर्षे, राहणार बस आगारामागील खोली क्रमांक ४. मालक व ओळखीचे लोक 'ड्रायव्हरकाका' म्हणतात.

मी कोणी न बोलावता स्वतःहून पोलीस ठाण्यात आलो असून विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी बायको व सासूसह राहतो. बावीस वर्षे बस चालवतो. शहरात चार दिवसांपासून गोळीबार चालू असल्याने एका परदेशी वकिलातीने आपले नागरिक बंदरावर पोचवण्यासाठी आमच्या मालकाची बस घेतली. त्या बसवर माझी नेमणूक झाली.

आज सकाळी ८ वाजता मी वकिलातीच्या फाटकाशी बस लावली. बस पंचेचाळीस आसनांची आहे. वकिलातीचा अधिकारी दारात यादी घेऊन उभा होता. यादीत एकोणचाळीस नावे, त्यांतले एक तान्ह्या मुलीचे; तिला आसन लागत नव्हते. उरलेल्या सात आसनांवर शिपायांनी सात खोकी ठेवून पट्ट्यांनी बांधली. आत काय आहे असे मी विचारले. कोरे पासपोर्ट आहेत, असे शिपायाने सांगितले.

सुमारे ८.४० वाजता एक वेल्डर, त्याची बायको व सात महिन्यांची मुलगी असे तिघे आले. वेल्डर व मुलगी यादीत होते. दारात रेटारेटी असल्याने बाईही मुलीला घेऊन वर चढली. माझ्यामागच्या आसनावरचे खोके तिने पट्टी सोडून पायाशी ठेवले व ती बसली. मोजणीत एक डोके जास्त भरले, तेव्हा अधिकारी तिच्यापाशी आला.

तिच्या सांगण्यावरून समजले की, तिचा जन्म याच शहरातला. आईबाप दुसरीकडून आलेले. इथे तिची नोंद नाही, तिथेही नाही. लग्नानंतर तिने नागरिकत्वासाठी त्याच वकिलातीत अर्ज केला, त्याला दोन वर्षे झाली. अर्जाची पावती तिने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवली. पावतीवरची सही त्याच अधिकाऱ्याची होती. त्याने ती ओळखली व पावती परत दिली.

तो म्हणाला, "मुलीला नेता येईल. तुमचं नंतर बघू."

ती म्हणाली, "ती अजून अंगावर पिते, साहेब."

मागच्या आसनावरील एका निवृत्त शिक्षिकेने, मुलीला माझ्याकडे द्या, मी तीन मुले वाढवली आहेत, असे सांगून हात पुढे केले. बाईंचा स्वभाव चांगला असावा.

मी इंजिन बंद केले व किल्ली खिशात टाकली. खोकी सामानाच्या कप्प्यात ठेवू, सात जागा होतील, असे मी अधिकाऱ्यास सांगितले. सरकारी वस्तू खाली ठेवता येत नाही, असे तो म्हणाला. वीसेक मिनिटे बस उभी राहिली. लोक आधी घड्याळे बघू लागले, मग मला बोलू लागले. एकीपायी सगळ्यांना अडकवता का, असे एकाने विचारले. त्या बाईस कोणी काही बोलले नाही. तिच्याकडे कोणी बघितलेही नाही.

शेवटी वेल्डर बायकोला म्हणाला, "तू उतर. मी पोचलो की कागद करतो."

 मुलीला खांद्यावर घेऊन ती उतरली. मुलीला मागण्याचे धाडस कोणी केले नाही. वेल्डरने खिडकीतून तिला पाण्याची अर्धी बाटली दिली. भरलेली त्याच्यापाशी होती.

त्यानंतर मी किल्ली लावली. मला कोणी धमकावले नव्हते. हे वाक्य गाळू नये.

१०.१५ वाजता बंदरावर पोचलो. बसमधून सोबत आलेल्या अधिकाऱ्याने पट्टी लावून मुलीच्या नावावर रेघ मारली व 'यादीतील सर्व नागरिक सुखरूप पोचले' या कागदावर माझी सही घेतली. मी सही केली. वेल्डरने उतरताना आपली बॅग राहिली नाही ना, एवढेच मला विचारले.   

१२ वाजता फाटकाशी परत आलो. फाटकाला कुलूप होते. बाई तासभर भिंतीच्या सावलीत बसली होती, नंतर पुलाकडे जाणाऱ्या लोकांबरोबर चालत गेली, असे समोरच्या औषधवाल्याने सांगितले. मी पूल, शाळेतील छावणी व दोन दवाखाने बघितले. छावणीत नाव व देश सांगितल्याशिवाय आत घेत नाहीत. ती तिथे आलीच नव्हती की आली आणि परत पाठवली, हे कोणाला सांगता आले नाही.

म्हणून दोघी बेपत्ता असल्याची नोंद करण्यास आलो. ठाणे अंमलदारांनी बाईचे नागरिकत्व विचारले. मला माहीत नाही, असे मी सांगितले. रकाना रिकामा ठेवता येत नाही, असे ते म्हणाले. त्यांनी तीनदा विचारले. मी तीनदा तेच सांगितले. मग तुमचे तिच्याशी नाते काय, असे विचारले.

मी म्हणालो, "ती माझ्या बसमध्ये बसली होती. मी तिला उतरू दिलं. यातलं जे नातं होत असेल ते लिहा."

 अंमलदारांनी 'प्रवासी' असे लिहिले.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. सही करतो. आज माझी ही दुसरी सही.