वाकडी कामटी

शहाद्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आई ऑपरेशनला आत गेल्यापासून हेमांगी आईच्या चष्म्याची डबी मुठीत आवळून बसली होती. शेजारच्या म्हातारीने, डोळ्याची पट्टी नुकतीच निघालेल्या नवऱ्यासमोर, पिशवीतून काहीतरी काढून धरलं.

“मन्हा हातमा काय शे, सांगा बरं?”

“आकाशकंदील. कोन्ही बनाडा?”

“मी. घरना बांबू चिरीसन.”

“तरीच कामटी वाकडी शे.”

“आखो? आजून काय?”

“झिरमिळ्या तिरप्या. कागदवर खळना डाग. असा कंदील दारमा कोन लावस? तू हासी का ऱ्हायनी?”

“गया दिवाळीले मी फाटेल कंदील दखाडा, तं तुम्ही ‘झकास शे’ म्हनात. तवय मी चुलीपुढे बशीसन रडनू. बोला, आखो बोला.”

हेमांगीची मूठ सैल झाली.