बाबांच्या बाजूचा ब्रेक

आर्वीच्या बसस्थानकावर अन्नपूर्णाबाईंची बस लागली, तरी त्या उठेनात. मागच्या बाकावर बाप-लेकीचं चाललं होतं.

"बाबा, मले ती लाल छोटी कारच पाह्यजे. काय मस्त पळते!"

"पळते म्हणूनच भेव वाटते, चंचल. रोज वर्धेले जानं-येनं. रस्त्यात रोही नाईतर रानडुक्कर आडवं आलं तं?"

"ब्रेकही तसाच लागते तिचा."

"मोठी, जड घे ना!"

"ते चालवाले मजा नाई. अन् तुम्ही काऊन घाबरून राह्यले? तुम्हीच तं शिकवलं मले."

"म्हणूनच तं... शोरूमवाल्याले इचारजो, माह्या बाजूनं एक ब्रेक बसवून देते काय?"

"रोज संग येनार काय?"

"नाई वं. पन तू रस्त्यात असली, का घरी खुर्चीवर बसूनही माहा पाय ब्रेकच दाबून राह्यते."