चेलोवरचा अंगठा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संगीत विद्यालयाचे सचिव आदरणीय मल्लिनाथअप्पा, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते तय्यब सर, सरांच्या पत्नी जोहराचाची, नांदेडकर रसिकहो आणि चेलोच्या वर्गातल्या माझ्या मुलींनो, तुम्हा सर्वांना शिवकन्येचा नमस्कार.

मला तीन मिनिटं दिली आहेत, सरांविषयी चार चांगले शब्द बोलायला. ते मी बोलणारच. पण अप्पांनी आत्ताच जाहीर केलं की सरांनंतर चेलोचा वर्ग बंद होईल आणि वाद्य दर्शनी दालनात काचेच्या कपाटात मानानं ठेवलं जाईल. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

मी चाकूरची. अकरा वर्षांपूर्वी या वर्गात आले. खालचे सूर जमले, तेव्हा सर म्हणाले, आता वर चला. चेलोवर, म्हणजे गुडघ्यांत उभ्या धरायच्या या मोठ्या व्हायोलिनवर, उंच सुरांकडे जाताना डावा अंगठा वाद्याच्या मानेमागून काढून तारांवर आडवा ठेवावा लागतो, नखालगतच्या कडेवर. मग चिमटीत धरायची सोय संपते. हाताचं वजन सोडायचं आणि बाकीची बोटं गोलसर उभी ठेवायची. माझा अंगठा मात्र दर वेळी सांध्यात आत मुडपायचा. महिनाभर सर नुसतं बघत होते. मग विचारलं, "घरी म्हैस हाय का गं?"

"हाव सर, दोन हायेत."

"धार कोण काढतंय?"

"मीच की."

"तरीच. अंगठा मुडपून धार काढून राहिली तू. इथं पिळायचं न्हाई, पोरी. नुसतं ठेवायचं."

वर्ग हसला, मीही हसले. पुढे कातडी सोलली, फोड आले. सर म्हणायचे, "आग होऊ दे, पण सांधा दुखला की थांब." सांगा बरं, हे काचेतून कसं दिसणार? कपाटात लाकूड राहील. अंगठा किती सैल ठेवायचा, हे हाताला हात लावूनच शिकवावं लागतं. तिसऱ्या रांगेत मनतशा बसली आहे. परवा तिचा अंगठा पहिल्यांदा न मुडपता तारांवर टिकला. तिला आता घरी जा म्हणू?

अप्पा विचारतात, शिकवणार कोण? मी शिकवणार. मी तासिका तत्त्वावर आहे, आणि जूनमध्ये माझं नेमणुकीचं पत्र तुमच्या सहीशिवाय निघत नाही, हे मला ठाऊक आहे. नका करू सही. वर्ग माझ्या भाड्याच्या खोलीत भरेल. आणि हा चेलो संस्थेचा नाही, सरांनी हैदराबादहून स्वतः आणलेला आहे. आज सकाळी मी तो मागितला. सर एवढंच म्हणाले, "ने. झाकून ठेवू नको." तो आता माझ्या खोलीत आहे, सूर लावून.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, मनापासून आभारी आहे. वेळ जास्त घेतला, वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढला, त्याबद्दल लेक समजून पोटात घाला. वर्ग चालवण्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही. सर, तुम्ही आता निवृत्त आहात, तुमच्यावर वर्गाला यायची सक्ती नाही. मनतशा, तुझ्यावर आहे. उद्या सकाळी सात वाजता ये.