पहिलं गिऱ्हाईक

दाताच्या दवाखान्यात सुजलेल्या गालावर हात धरून एक बाई बसली होती. तिच्या शेजारी एक मावशी आपल्या भाच्याला फैलावर घेत होती.

"चांगली चालती नोकरी सोडलीस आणि कोच झालास? कसला रे कोच? ना मैदान, ना चेंडू!"

"आयुष्याचा, मावशी. लोकांना त्यांचं खरं काम शोधून देतो. ह्याचसाठी जन्मलोय मी."

"जन्मलास तेव्हा मी होते तिथे. असं काही बोलला नव्हतास."

"कर थट्टा. पण माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाचं ऐक. एकवीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासायचा. मी एवढंच विचारलं, स्वतःला कधी तोललंस का? ढसाढसा रडला, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा!"

"अरे मेल्या! त्याची बायको काय म्हणाली?"

"तिला कुठे माहितीय? चार महिने झाले. रोज डबा घेऊन निघतो आणि माझ्याकडे येऊन बसतो. म्हणतो, सुभेदारणीला सांगायची छाती होत नाही."

बाईचा गालावरचा हात गळून पडला. तिला सुभेदारीण म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि आज सकाळीच तिने त्याच्या हातात डबा दिला होता.

"मग दिवसभर करतो काय तो?" मावशीने विचारलं.

"शिकतोय. त्यालाही कोच व्हायचंय."

बाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"काय ताई, तुम्हालाही मार्गदर्शन हवंय?"

"हो. संध्याकाळी नवरा कामावरून घरी आला, की त्याला काय विचारायचं, तेवढं शिकव."